एक मॉनिटर, दोन संगणक: केव्हीएम स्विच घ्यावा की नुसता यूएसबी स्विच पुरेल?

डोंबिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. घरातील दोन संगणकांसाठी एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड आणि एकच माउस वापरण्याची कायमची सोय करायची आहे. त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर मी आठवड्यातील निम्मे दिवस घरून काम करतो. घरचा डेस्कटॉप त्याच टेबलाखाली ठेवलेला आहे. त्यावर संध्याकाळी मुलीचा महाविद्यालयाचा अभ्यास आणि सुट्टीच्या दिवशी माझे छायाचित्रांचे काम चालते. खोली लहान असल्यामुळे दुसरे टेबल किंवा दुसरा मॉनिटर मांडायला जागा नाही. मॉनिटर २७ इंची असून त्याचे रिझोल्यूशन २५६० × १४४० आणि रीफ्रेश रेट ७५ हर्ट्झ आहे. त्याच्या मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट अशी दोन इनपुट आहेत आणि दोन यूएसबी पोर्टचा छोटा हबही आहे. कीबोर्ड तारेचा आहे, माउस बिनतारी आहे आणि त्याचा रिसीव्हर यूएसबीत लावावा लागतो. शिवाय एक वेबकॅम, यूएसबीवर चालणारा हेडसेट आणि एक प्रिंटर आहे. डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे.

आजवर मॉनिटरची एकच एचडीएमआय केबल या संगणकातून काढून त्या संगणकाला लावत आलो. त्यामुळे आता लॅपटॉपचा पोर्ट ढिला होऊ लागला आहे. केबलला थोडा धक्का लागला तरी चित्र जाते आणि प्लग किंचित वर उचलून धरला की परत येते. कीबोर्ड आणि वेबकॅमचे प्लग काढण्यासाठी टेबलाखाली वाकावे लागते ते निराळेच.

दुकानात केव्हीएम स्विच नावाची खोकी पाहिली. कीबोर्ड, चित्र (व्हिडिओ) आणि माउस हे तिन्ही एका बटणाने एका संगणकाकडून दुसऱ्याकडे वळवणारे हे खोके असते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्या किमतींत प्रचंड तफावत असूनही प्रत्येकावर ‘फोर-के’ छापलेले आहे, त्यामुळे फरक कशाचा हे कळले नाही. माझ्या दोन अटी आहेत. लॅपटॉपवर मला कोणतेही सॉफ्टवेअर टाकण्याची परवानगी नाही, आणि जी व्यवस्था होईल ती पत्नीला व मुलीला माझ्या गैरहजेरीतही वापरता आली पाहिजे. काय घ्यावे?

तारजोड

तुमच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॉनिटरला दोन स्वतंत्र इनपुट आहेत. डेस्कटॉप डिस्प्लेपोर्टवर आणि लॅपटॉप एचडीएमआयवर असे दोन्ही संगणक मॉनिटरला कायमचे जोडून टाका, म्हणजे चित्रापुरता प्रश्न एका जादा केबलमध्ये सुटतो. दोन्हींपैकी कोणते चित्र दाखवायचे हे निवडण्याची सोय मॉनिटरमध्ये आधीपासूनच आहे, आणि त्याच कामासाठी मध्ये आणखी एक खोके बसवण्याची गरज नाही. मग वाटून घेण्यासारखे राहते ते फक्त यूएसबीवरचे सामान, आणि त्यासाठी साधा यूएसबी स्विच पुरतो. त्याला दोन संगणकांकडे जाणाऱ्या दोन तारा, पुढे तीन-चार पोर्ट आणि वर एक बटण असते. बटण दाबले की कीबोर्ड, माउस, वेबकॅम आणि हेडसेट एकदम दुसऱ्या संगणकाकडे जातात. लॅपटॉपवर काहीही टाकावे लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने एक यूएसबी हब लागला किंवा निघाला एवढेच घडते.

चित्र खोक्यातून न्यायचे टाळावे असे मी का म्हणतो, ते सांगतो. केव्हीएम स्विचच्या किमतीतला बहुतेक फरक चित्राच्या भागामुळे पडतो. तुमच्या मॉनिटरवर ३६,८६,४०० बिंदू आहेत. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ७५ चित्रे धरली, तर सेकंदाला साधारण ६.६ अब्ज बिट केबलमधून जावे लागतात, आणि दोन ओळींच्या व चित्रांच्या मधल्या वेळेचा थोडा भार त्यावर येतो. स्वस्त स्विच बहुधा एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीचे असतात. तिची एकूण क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट असली तरी प्रत्यक्ष चित्रासाठी त्यातले सुमारे ८.१६ गिगाबिट उरतात, म्हणजे तुमचे काम त्यात बेताने बसते. पुढे १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलात तर हाच आकडा १२.७ अब्जांवर जातो आणि तो स्विच निकामी ठरतो. खोक्यावरच्या ‘फोर-के’ची गोष्टही हीच आहे. एचडीएमआय १.४ वर फोर-के, म्हणजे ३८४० × २१६० बिंदूंचे, चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवता येते. ते छापील अर्थाने खरे असले, तरी ३० हर्ट्झवर माउसचा बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर काम करणाऱ्याला ते फार जाचते. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवे. म्हणून खोके कोणतेही घ्या, ‘फोर-के’ हा शब्द न वाचता त्यापुढे हर्ट्झ किती लिहिले आहेत ते वाचा, आणि लिहिलेच नसतील तर ते ३० आहेत असे समजून चाला.

यूएसबी स्विच घेताना दोन-तीन गोष्टी पाहा. कीबोर्ड आणि माउसला यूएसबी २.० पुरेसे आहे, कारण त्याचा ४८० मेगाबिटांचा वेग त्यांच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक आहे. मात्र यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलीअँपियर इतकाच प्रवाह मिळण्याची हमी असते आणि यूएसबी ३.० मध्ये ९००. वेबकॅम, हेडसेट, कीबोर्ड आणि रिसीव्हर सगळे एकाच तारेवर लटकले की ही मर्यादा जवळ येते आणि वेबकॅम मध्येच बंद पडू लागतो. त्यामुळे पाच व्होल्टचा अडॅप्टर बाहेरून जोडता येईल असे छिद्र असलेला स्विच निवडा. बटण तारेवर असलेला प्रकार मिळाला तर अधिक बरे, म्हणजे स्विच टेबलाखाली चिकटवून बटण तेवढे हाताशी ठेवता येते.

माउसच्या रिसीव्हरबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण ही तक्रार फार जणांची असते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. यूएसबी ३.० च्या तारांमधून आणि जोडांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट बाहेर पडतो, आणि बिनतारी माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर यूएसबी ३.० स्विचमध्ये खोचला आणि शेजारच्या पोर्टला काही जोरात चालत असेल, तर माउस तुटक चालतो. लोक माउसची बॅटरी बदलत बसतात. अर्ध्या-एक मीटरची यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर टेबलावर माउसजवळ आणा, तक्रार बहुधा तिथेच संपते.

बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह मात्र या स्विचवर कधीही लावू नका. बटण दाबणे म्हणजे चालू लिखाणाच्या मध्ये तार उपटणे आहे, आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीला डिस्कवर काही लिहिले जात असल्याचे कळण्याचा मार्ग नसतो. प्रिंटरही या व्यवहारातून बाहेर ठेवावा. तो वाय-फायवर जोडता येत असेल तर तसा जोडा, नाहीतर सरळ डेस्कटॉपला लावून टाका.

पंचवटी

तारजोड यांनी मांडलेला मार्ग या मॉनिटरसाठी योग्य आहे. तरीही केव्हीएम स्विच कधी घ्यावा हे इथे लिहिले जावे असे वाटते, कारण हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाकडे दोन इनपुटचा मॉनिटर असेलच असे नाही, आणि घरातील वडीलधाऱ्यांना एकच बटण दाबून सगळे हलणे सोपे पडते. यूएसबी स्विचच्या मार्गात दोन क्रिया कराव्या लागतात. आधी स्विचचे बटण दाबायचे आणि मग मॉनिटरच्या मागची बारीक कळ चाचपून इनपुट बदलायचे. माझ्या आईला ती कळ आवडत नाही, आणि तिचे बरोबर आहे, कारण तिथे चार कळा एकसारख्या लागतात. तिच्या टेबलावर म्हणूनच केव्हीएम स्विच आहे.

घ्यायचाच झाला तर विक्रेत्याला पहिला प्रश्न ईडीआयडी इम्युलेशनबद्दल विचारा. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख, म्हणजे आपले रिझोल्यूशन, रीफ्रेश रेट, नाव वगैरे, १२८ बाइटांच्या एका छोट्या तुकड्यात आणि गरज पडल्यास त्याच्या पुरवणीत संगणकाला कळवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. साध्या स्विचने दुसऱ्या संगणकाकडे वळताच पहिल्या संगणकाला मॉनिटर काढून घेतल्यासारखे वाटते. लॅपटॉप असेल तर तो मोठ्या पडद्यावर नीट लावलेल्या सगळ्या खिडक्या गोळा करून आपल्या छोट्या पडद्यावर कोंबतो, आणि आपण परत आलो की त्या तशाच विस्कटलेल्या असतात. दिवसातून अनेकदा अदलाबदल करणाऱ्या माणसाचा यात खरोखर वेळ जातो. ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच मॉनिटरची ती ओळख स्वतःजवळ ठेवतो आणि मॉनिटर दुसरीकडे वळलेला असतानाही संगणकाला ती दाखवत राहतो. ही सोय असलेले स्विच महाग असतात आणि माझ्या मते जादा पैसे द्यावेत असे एवढे एकच कारण आहे.

दुसरी बाब कीबोर्डची. बहुतेक केव्हीएम स्विचवर कीबोर्डचे चिन्ह असलेला एक खास पोर्ट असतो. तिथे स्विच स्वतः कळा वाचतो आणि ‘स्क्रोल लॉक’ दोनदा दाबल्यावर संगणक बदलणे यासारख्या सोयी देतो. जादा कळांचे किंवा दिव्यांचे कीबोर्ड त्या पोर्टवर अनेकदा अर्धवट चालतात. आवाज वाढवण्याच्या कळा मरतात, काही वेळा कीबोर्ड ओळखलाच जात नाही. असे झाले तर कीबोर्ड त्याच स्विचच्या साध्या यूएसबी पोर्टला लावावा. तिथे तो व्यवस्थित चालतो, फक्त कळ दाबून संगणक बदलण्याची सोय जाते आणि बटण वापरावे लागते.

लांबीचेही भान ठेवा. संगणकापासून स्विचपर्यंतची आणि स्विचपासून मॉनिटरपर्यंतची केबल मिळून चित्राला प्रवास करावा लागतो, आणि स्वस्त स्विच संदेशाला मध्ये बळ देत नाहीत. दोन्ही केबल मीटर-दीड मीटरच्या असाव्यात.

डोंबिवलीकर

दोघांचेही मनापासून आभार. दोन इनपुट असूनही मी एकच केबल फिरवत होतो, आणि मॉनिटरच्या त्या सोयीकडे इतक्या सरळपणे पाहण्याचे मला कोणी सुचवले नव्हते.

तीन शंका राहतात. मॉनिटरच्या हबचा या मांडणीत काही उपयोग होईल का? पंचवटी यांनी म्हटलेली दुसरी क्रिया, म्हणजे इनपुट बदलणे, लॅपटॉपला हात न लावता आपोआप होऊ शकते का? आणि एक निराळी गोष्ट: लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेला मनगट टेकले की बारीक झिणझिण्या येतात. आता दोन्ही संगणक तारांनी एकमेकांना जोडले जाणार असल्यामुळे त्याची काळजी वाटते.

वीजतंत्री

तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण जोडणी करण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक आहे. संगणकांच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या सांगाड्यापर्यंत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. सांगाडा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडावर लावलेला असेल, तर सांगाडा दोन्ही तारांच्या मधोमध तरंगत राहतो, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात साधारण ११५ व्होल्टवर. प्रवाह फार थोडा असल्यामुळे सहसा नुसत्या झिणझिण्या येतात, आणि टेस्टर टेकवला तर त्याचा दिवा मंद पेटतो. काही लॅपटॉपचे अडॅप्टर मुळातच दोन पिनांचे असतात आणि त्यांच्यात हे थोड्या प्रमाणात राहतेच.

पण अशा तरंगत्या लॅपटॉपची एचडीएमआय केबल अर्थिंग असलेल्या मॉनिटरला चालू स्थितीत लावली, तर दोन सांगाड्यांमधला फरक प्लग टेकण्याच्या क्षणी त्या जोडातून मोकळा होतो. बाहेरचे कवच आधी टेकले तर बहुधा काही बिघडत नाही. प्लग तिरका गेला आणि आतली संदेशाची पिन मध्ये सापडली, तर पोर्टमागची चिप जाऊ शकते. म्हणून पहिली जोडणी करताना दोन्ही संगणक आणि मॉनिटर यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवा, सगळ्या केबल घट्ट बसवा आणि मगच वीज चालू करा. एकदा कायमची जोडणी झाली की रोजची काढघाल थांबते, त्यामुळे यूएसबी स्विचचा मार्ग या दृष्टीनेही सुरक्षित आहे. लॅपटॉपचा पोर्ट आधीच ढिला असेल तर केबल टेबलाच्या कडेला पट्टीने बांधून घ्या, म्हणजे तिचे वजन पोर्टवर येणार नाही.

दोन्ही संगणक, मॉनिटर आणि स्विचचा अडॅप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि तो बोर्ड ज्या सॉकेटमध्ये लागतो त्याचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पुढे कधी स्पीकर लावले आणि दोन्ही संगणक जोडलेले असताना त्यातून सतत घुंऽऽ असा आवाज येऊ लागला, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष स्पीकरचा नसून दोन अर्थिंग-मार्गांमुळे तयार झालेल्या वळशाचा आहे. तुमचा हेडसेट यूएसबीवर असल्यामुळे त्याला हा त्रास सहसा होत नाही.

लाईट जाण्याचाही विचार करा. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण मॉनिटर आणि अडॅप्टरवरचा स्विच बंद पडतात आणि भर बैठकीत कीबोर्ड व वेबकॅम एकदम नाहीसे होतात. डेस्कटॉपसाठी यूपीएस असेलच, तर मॉनिटर, स्विच आणि राउटर हेही त्याच्या बॅटरीच्या बाजूच्या सॉकेटवर घ्या. २७ इंची एलईडी मॉनिटर साधारण तीस-चाळीस वॅटच घेतो.

तारजोड

मॉनिटरच्या हबचा उपयोग नक्की करा. हबकडून संगणकाकडे जाणारी जी चौकोनी तोंडाची तार असते, ती थेट संगणकाला न लावता यूएसबी स्विचच्या एका पोर्टला लावा. मग मॉनिटरवरचा वेबकॅम आणि कडेला लावलेला हेडसेट हबमध्येच राहतात आणि स्विचबरोबर फिरतात. टेबलावरच्या तारा यामुळे बऱ्याच कमी होतात. फक्त मॉनिटर झोपी गेल्यावर त्याचा हब बंद होत नाही ना, हे त्याच्या सेटिंगमध्ये पाहून घ्या.

इनपुट आपोआप बदलण्याबद्दल. बहुतेक मॉनिटर चित्राच्याच केबलमधून संगणकाकडून आज्ञा घेतात. या पद्धतीला डीडीसी/सीआय म्हणतात. प्रकाश कमी-जास्त करणे, आवाज बदलणे आणि इनपुट निवडणे या सगळ्यांना ठरलेले क्रमांक आहेत. प्रमाणानुसार पहिल्या डिस्प्लेपोर्टचा क्रमांक १५ आणि पहिल्या एचडीएमआयचा १७ आहे, मात्र काही मॉनिटर स्वतःचे वेगळे क्रमांक वापरतात. विंडोजवर ‘कंट्रोल-माय-मॉनिटर’ आणि लिनक्सवर ‘डीडीसीयूटिल’ या मोफत साधनांनी तुमच्या मॉनिटरचे क्रमांक पाहता येतात. मॉनिटरच्या मेनूमध्ये डीडीसी/सीआय चालू केलेले असले पाहिजे. काहींमध्ये ते मुळात बंद असते.

यावर आधारलेले ‘डिस्प्ले-स्विच’ नावाचे मोफत, मुक्तस्रोत साधन नेमके तुमच्यासाठी आहे. एखादे यूएसबी उपकरण लागले किंवा निघाले की मॉनिटरला कोणत्या इनपुटवर जायला सांगायचे, एवढे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचे असते. तुम्ही ते फक्त डेस्कटॉपवर टाका आणि कीबोर्डवर नजर ठेवायला सांगा. स्विचचे बटण दाबून कीबोर्ड लॅपटॉपकडे गेला की डेस्कटॉपला तो निघाल्याचे कळते आणि तो मॉनिटरला एचडीएमआयवर जायला सांगतो. कीबोर्ड परत आला की तो डिस्प्लेपोर्टवर यायला सांगतो. लॅपटॉपला यातले काहीच ठाऊक नसते, त्यामुळे कार्यालयाच्या नियमाला धक्का लागत नाही, आणि घरातील सर्वांसाठी एकच बटण उरते.

पंचवटी यांनी सांगितलेला खिडक्या विस्कटण्याचा प्रकार या मांडणीतही काही मॉनिटरवर होतो, विशेषतः इनपुट बदलल्यावर जे मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरची आपली हजेरी पूर्ण काढून घेतात त्यांच्यावर. विंडोज ११ मध्ये ‘सिस्टम’खालील ‘डिस्प्ले’मध्ये, एकाहून अधिक पडद्यांच्या भागात, मॉनिटरच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवा.

डिस्प्लेपोर्टची केबल घेताना नाव नसलेली अगदी स्वस्त केबल टाळा. तिच्यात २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असू शकते, जी प्रमाणानुसार जोडलेली नसावी. त्या पिनेतून मॉनिटरकडची वीज संगणकात उलटी शिरते आणि डेस्कटॉप कधी सुरू होत नाही, तर कधी बंद केल्यावरही त्याचे दिवे मिणमिणत राहतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात जाणार असाल तर दुकानदाराला हे विचारून घ्या, चांगल्या दुकानात त्याचे उत्तर मिळते.

या साधनाची एक मर्यादा आधी तपासून पाहा. काही मॉनिटर ज्या इनपुटचे चित्र चालू आहे त्याच केबलवरची आज्ञा ऐकतात. पडद्यावर लॅपटॉप दिसत असताना डेस्कटॉपने दिलेली आज्ञा ते मानत नाहीत. तपासणी सोपी आहे. डेस्कटॉपवर ‘कंट्रोल-माय-मॉनिटर’मधून, थोड्या वेळाने चालेल अशी, डिस्प्लेपोर्टवर येण्याची आज्ञा लावून ठेवा, कळ दाबून मॉनिटर लॅपटॉपवर न्या आणि थांबा. चित्र आपोआप परत आले तर दोन्ही बाजूंचे काम होईल. परत आले नाही, तर लॅपटॉपकडे जाताना सारे आपोआप होईल आणि डेस्कटॉपकडे येताना तेवढी मॉनिटरची कळ दाबावी लागेल. मात्र मॉनिटरच्या मेनूत इनपुट आपोआप शोधण्याचा पर्याय चालू ठेवलात आणि काम संपल्यावर लॅपटॉपचे झाकण मिटलेत, तर एचडीएमआयवर चित्र नाही हे पाहून बहुतेक मॉनिटर स्वतःच डेस्कटॉपकडे वळतात.